बारावीचा दाखला आणि वीस टक्के : लायबेरियातल्या पोलीसभरतीचं प्रकरण

महाराष्ट्रात पोलीसभरतीच्या मैदानावर मुलगे सोळाशे मीटर धावतात आणि मुली आठशे. उंचीची अट मुलग्यांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मोजपट्ट्या दोन आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, जाहिरातीतच छापलेलं असतं, आणि त्यावरून फारसं कुणी गळा काढत नाही. अट कागदाची असली की मात्र सूर बदलतो. मुलींना बारावीऐवजी दहावी चालेल असं उद्या कुणी म्हणालं, तर संध्याकाळपर्यंत ‘दर्जा’ घसरल्याची ओरड सुरू होईल.

हे प्रकरण अशाच एका कागदाचं आहे. लायबेरियात २००३ नंतर पोलीस दल जवळजवळ मुळापासून उभं करायचं होतं. त्यात बायका हव्यात हे ठरलं, किती हव्यात तेही ठरलं आणि मग दारातच घोडं अडलं. ‘सुरक्षा क्षेत्रातील सुधारणा’ हा शब्दप्रयोग जड वाटतो, पण लढाई संपल्यावर पोलीस, लष्कर, तुरुंग आणि न्यायालयं यांची लोकांना भीती न वाटता आधार कसा वाटेल, एवढाच त्याचा मतलब. त्यात बायकांचा विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे या एका भरतीच्या वाटेनं जाऊन बघता येतं. भरती झालेल्या किंवा तक्रार घेऊन आलेल्या कुणाही बाईची ओळख इथे दिलेली नाही. नावं आहेत ती सार्वजनिक आयुष्यातल्या माणसांचीच.

पार्श्वभूमी

लायबेरिया पश्चिम आफ्रिकेत आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, लोकसंख्या २००८ च्या जनगणनेत ३५ लाखांच्या आसपास. १९८९ ते २००३ या काळात, मधली दोन-तीन वर्षं सोडली तर, देशात यादवी युद्ध चालू होतं. सुमारे अडीच लाख माणसं मेली असं मानलं जातं. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर ११ ऑगस्ट २००३ ला पायउतार झाला आणि आठवड्याभरात, १८ ऑगस्टला, घानाची राजधानी आक्रा इथे शांतता करार झाला.

या कराराआधी राजधानी मनरोव्हियात बायका महिनोन्‌महिने रस्त्यालगत मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसत होत्या. अंगात पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं. ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र, उन्हात आणि पावसात. लेमा बोवी ही त्यांची पुढारी, तिला पुढे २०११ चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं. आक्रातल्या वाटाघाटी लांबायला लागल्या तेव्हा यातल्या काहीजणी तिथे गेल्या आणि सभागृहाच्या दारात हात गुंफून बसल्या. करार केल्याशिवाय कुणाला बाहेर पडू देणार नाही, असा त्यांचा निरोप आत गेला. म्हणजे या देशातल्या बायकांना सुरक्षा म्हणजे काय हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती.

बाहेरचे लोक आले ते सप्टेंबर २००३ मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव १५०९ करून १५,००० सैनिकांपर्यंतची शांतिसेना आणि तिच्यासोबत हजारावर पोलीस मंजूर केले. शांतता आणि सुरक्षेच्या कामात बायकांना स्थान द्यायला हवं असं सांगणारा ठराव १३२५ तोवर तीन वर्षांचा झाला होता आणि नव्या ठरावात त्याची आठवणही करून दिलेली होती. कामाची वाटणी अशी झाली की लष्कर नव्यानं उभं करायची जबाबदारी अमेरिकेनं घेतली, ती खासगी कंपन्यांकडे कंत्राटानं दिली, आणि पोलिसांचं काम शांतिसेनेकडे आलं.

पोलिसांकडे वळण्याआधी नि:शस्त्रीकरणाचा किस्सा सांगायला हवा. पोलीसभरतीत झालेली अडचण आधी तिथे झाली होती, आणि ती ओळखायला सगळ्यांनाच उशीर लागला.

डिसेंबर २००३ मध्ये मनरोव्हियाबाहेरच्या छावणीत शस्त्रं जमा करून घ्यायला सुरुवात झाली. बंदूक द्या, नाव नोंदवा, पैसे घ्या, असा मामला. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले, गोंधळ झाला, शहरात गोळीबार झाला आणि काम थांबवावं लागलं. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या बायकांनी आधीच मदत देऊ केली होती, कुठले पोरगे कुठल्या टोळीत होते आणि त्यांच्याशी कसं बोलायचं हे आपल्याला माहीत आहे असं त्यांचं म्हणणं होतं. ते तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. एप्रिल २००४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं.

नोंदणीची मूळ अट होती एक बंदूक, किंवा ठरावीक संख्येनं काडतुसं. वरवर पाहता ही अट सगळ्यांना सारखीच. पण टोळ्यांमधल्या बायका सगळ्याच बंदूकवाल्या नव्हत्या. काही लढत होत्या, त्यांच्या कमांडरही होत्या. कितीतरी जणी दारूगोळा डोक्यावरून वाहत, रांधत, जखमी सांभाळत, हेरगिरी करत, आणि पुष्कळजणी पळवून नेऊन कुणाच्या तरी ‘बायको’ म्हणून ठेवलेल्या होत्या. ज्यांच्या हातात बंदूक होती त्यांच्यापैकीही काहींची बंदूक नोंदणीच्या आधी कमांडरनं काढून घेतली आणि आपल्या माणसाला दिली, कारण बंदुकीमागे तीनशे डॉलर होते. अट सारखी असली, तरी अट पुरी करायची वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

नंतर बंदूक नसलेल्या पण टोळीसोबत राहिलेल्या बायकांसाठी वेगळा गट केला, आणि आकडेच पालटले. सुरुवातीला बायका फार तर हजार-दोन हजार असतील असा अंदाज होता. शेवटी नोंद झाली एक लाखाहून जास्त माणसांची, त्यात बावीस हजारांहून जास्त बायका. याला दुसरी बाजूही आहे. बंदुका जमा झाल्या सुमारे २८ हजार, म्हणजे अट सैल झाल्यावर कधीच लढाईत नसलेलेही बरेच आत शिरले, आणि त्यात पुरुष भरपूर होते. मोजपट्टी बदलली की गैरफायदा घेणारे येणारच. तेवढ्यावरून जुनी मोजपट्टी बरोबर होती असं ठरत नाही.

अडचण

जुने पोलीस लोकांना नकोसे झाले होते. टेलरच्या काळात गणवेशातला माणूस दिसला की लोक रस्ता बदलत. शांतिसेनेनं जुन्या पोलिसांची छाननी केली, बऱ्याच जणांना काढलं आणि २००४ पासून नवी भरती सुरू केली. साडेतीन हजारांचं दल उभं करायचं होतं. त्यात बायका असाव्यात वीस टक्के, असं लक्ष्य ठरलं. सुरुवातीला त्या जेमतेम दोन-चार टक्के होत्या.

बायका कशासाठी हव्यात, याचं उत्तर तेव्हा कुठल्याही ठाण्यात गेलं तरी दिसलं असतं. युद्धात बलात्कार सर्रास झाले होते आणि युद्ध संपल्यावर ते थांबले नव्हते. (त्या काळात ‘देशातल्या चारपैकी तीन बायकांवर बलात्कार झाला’ अशा तऱ्हेचे आकडे फिरत असत, आजही फिरतात. त्यातले बरेचसे मुळात मदत मागायला आलेल्या बायकांच्या पाहणीतून काढलेले होते, आणि ते साऱ्या देशाला लावणं चूक होतं. घरोघर केलेल्या पाहण्यांमधलं प्रमाण पुष्कळ कमी आहे. गंभीर गोष्ट गंभीर ठरायला फुगवलेला आकडा लागत नाही.) डिसेंबर २००५ मध्ये लायबेरियातल्या महिला वकिलांच्या संघटनेच्या रेट्यामुळे बलात्काराचा नवा, कडक कायदा झाला. पण कायदा चालतो तो ठाण्यातल्या टेबलावरून. पलीकडे बसलेला शिपाई कालपर्यंत कुठल्या टोळीत होता कुणास ठाऊक, आणि त्याच्यासमोर एखाद्या आईनं आपल्या आठ वर्षांच्या मुलीबद्दल बोलायचं, तेही दार सताड उघडं असताना.

मग बायका भरती करा, असं म्हणणं सोपं होतं. पण भरतीला बारावीचा दाखला लागत होता.

शाळा चौदा वर्षं बंद-चालू होत्या. घरात दोन मुलं असली आणि एकाचीच फी भरता येत असली, तर कोण शाळेत जायचं हे युद्ध नसतानाही ठरलेलं असतं. २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत दर दहा बायकांमागे चार जणी कधी शाळेतच गेल्या नव्हत्या, पुरुषांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. बारावी झालेल्या बायका होत्या, पण मोजक्या. मनरोव्हियात भरलेल्या परदेशी संस्थांना त्या हव्याच होत्या, आणि तिथला पगार पोलीस शिपायाच्या पगारापेक्षा कितीतरी बरा होता. थोडक्यात, वीस टक्के आणि बारावीचा दाखला या दोन अटी एकत्र नांदत नव्हत्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, अट तशीच ठेवायची आणि वाट पाहायची. शाळा सुरू झाल्या आहेत, मुली शिकतील, दहा वर्षांनी येतील. लष्करानं साधारण हाच मार्ग धरला. तिथेही वीस टक्क्यांचं लक्ष्य बोलून दाखवलं गेलं होतं, पण शिक्षणाची आणि लेखी परीक्षेची अट बायकांसाठी बदलायची नाही असं ठरलं. लष्करानं एक गोष्ट मात्र चांगली केली होती. उमेदवारांचे फोटो गावोगाव लावले, आणि यानं काही अत्याचार केला असेल तर येऊन सांगा, असं आवाहन केलं. गणवेश कुणाला द्यायचा नाही हे ठरवताना बळी पडलेल्यांना विचारायची ही सोय पुरुष उमेदवारांना चाळायला फार उपयोगी होती. लिंगभावाचा विचार म्हणजे फक्त बायका मोजणं नव्हे, याचं हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

दुसरा पर्याय, बायकांसाठी शिक्षणाची अट सरळ खाली आणायची. हे झटपट झालं असतं. पण त्या बायका दलात कायमच्या ‘कमी शिकलेल्या’ ठरल्या असत्या, बढतीच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी त्यांची अट काढून दाखवली असती. शिवाय गुन्ह्याची नोंद लिहायची तर लिहिता यावं लागतं. नोंद नीट नसेल तर न्यायालयात पहिला फटका तक्रारदार बाईलाच बसतो.

तिसरा पर्याय, अट ठेवायची पण बायकांना तिथपर्यंत आणायचं. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना अभ्यासक्रम देऊन, परीक्षा घेऊन, दाखला देऊन मग पोलीस अकादमीत पाठवायचं.

चौथाही एक पर्याय होता, पण तो टेबलावर नीट आला नाही. त्याबद्दल शेवटी.

काय केलं

तिसरा पर्याय निवडला. हा पहिला निर्णायक क्षण, आणि माझ्या मते निवड बरोबर होती. चुकलं ते पुढच्या हिशेबात. माध्यमिक शाळेची शेवटची काही वर्षं तीन महिन्यांत कोंबली.

तीन महिने का? भरतीचं वेळापत्रक ठरलेलं होतं. शांतिसेनेची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, देणगीदार देशांना आकडा दाखवावा लागतो, आणि साडेतीन हजारांची संख्या २००७ पर्यंत गाठायची होती. म्हणजे शिकायला किती वेळ लागेल हे बायकांकडे बघून ठरलं नाही. ज्यांनी नववीनंतर शाळा सोडून मधे बाळंतपणं आणि पळापळ काढली होती, त्यांना बीजगणित, इंग्रजी आणि विज्ञान बारा-तेरा आठवड्यांत. वर्गात बसलेल्यांनी ते केलंही, पोरं घरी कुणाकडे तरी ठेवून. पण त्यातल्या काही जणी दाखला घेऊन अकादमीत पोहोचल्या तेव्हा त्यांना साधा अहवाल लिहिणंही जड जात होतं, आणि तिथल्या शिक्षकांनी ते बोलून दाखवलं. टीका झाली, काही वर्गांनंतर उपक्रम गुंडाळला गेला. मागे काय उरलं? ‘तीन महिन्यांवाल्या’ अशी एक समजूत. ती दाखला रीतसर मिळवून आलेल्या बायकांनाही चिकटली.

याच काळात आणखी तीन गोष्टी झाल्या.

एक, २००५ मध्ये युनिसेफच्या मदतीनं पोलीस दलात महिला आणि बालसंरक्षण विभाग निघाला. आधी राजधानीत, मग हळूहळू पंधराही परगण्यांत. वेगळी खोली, बंद होणारं दार, प्रशिक्षित शिपाई. या विभागात पुरुषही नेमले गेले आणि ते बरं झालं.

दोन, जानेवारी २००६ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या, आफ्रिकेतल्या निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख. त्यांनी पोलीस दलाच्या प्रमुखपदी बिअ‍ॅट्रिस मुना सी यांना आणलं. म्हणजे दलात बायका दोन-चार टक्के असतानाच सर्वोच्च खुर्चीत बाई होती. वर एक बाई, तळाला पुष्कळ बायका आणि मधल्या पायऱ्यांवर कुणीच नाही, अशी ती शिडी होती.

तीन, जानेवारी २००७ मध्ये भारतातून केंद्रीय राखीव पोलीस दलाची तुकडी आली. शंभराहून थोड्या जास्त बायका, कमांडर सीमा धुंडिया. शांतिसेनेच्या इतिहासातली ही पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. सोबत वीस-बावीस पुरुष होते, ते गाड्या चालवायला, दुरुस्तीला आणि स्वयंपाकाला. राखीव पोलीस दलात महिला बटालियन १९८६ पासून होती, त्यामुळे या बायका नवख्या नव्हत्या. निळ्या छटांचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश, खांद्याला रायफल. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर पहारा, जमावाचा बंदोबस्त आणि लायबेरियन पोलिसांबरोबर रात्रीची गस्त. लायबेरियाचे साधे शिपाई तेव्हा नि:शस्त्र असत, त्यामुळे रात्रीच्या रस्त्यावर हत्यार कुणाच्या हातात असेल तर या बायकांच्या. दुसऱ्या दिवशी याच बायका शेजारच्या शाळेतल्या मुलींना स्वसंरक्षण आणि संगणक शिकवत.

भारतीय वर्तमानपत्रांनी या तुकडीचं भरपूर कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. पण प्रकरण म्हणून बघताना एक गोष्ट नजरेत भरते. या बायकांपैकी कितीतरी जणी आपली मुलं आजी-आजोबांकडे ठेवून आल्या होत्या. त्यांच्या राहण्याची, जेवणाची, वाहनाची, औषधाची सोय होती, आणि वर्षभरानं परत जायचं हे ठरलेलं होतं. लायबेरियातली जी मुलगी त्यांना पाहून पोलिसात आली, तिला यातलं काहीच मिळणार नव्हतं.

काय झालं

संख्येच्या बाजूनं बघितलं तर काम झालं. २०१० च्या दशकात लायबेरियाच्या पोलीस दलात साधारण सहा-सात जणांमागे एक बाई होती. वीस टक्के गाठले नाहीत, पण सुरुवातीच्या दोन-चार टक्क्यांवरून हा पल्ला दहा वर्षांत. भारतीय तुकडी फेब्रुवारी २०१६ मध्ये परतली तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं की देशाच्या सुरक्षा क्षेत्रातलं बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं आहे. लष्करात मात्र बायका पाच टक्क्यांच्या आसपासच अडकल्या. एकच देश, एकच राष्ट्राध्यक्ष, एकच लक्ष्य. दारातल्या अटीकडे बघण्याचा एवढाच काय तो फरक.

आत गेल्यावर त्या बायकांचं काय झालं, याचं उत्तर एवढं गुळगुळीत नाही.

पोलीस दलाचा मोठा हिस्सा राजधानीतच राहिला. परगण्यांत बदली म्हणजे पावसाळ्यात चिखलात बुडणारे रस्ते, राहायला क्वार्टर नाही, पगार घ्यायला पुन्हा शहरात यायचं. पुरुष शिपाई एखाद्या खोलीत चौघे मिळून राहायचे. लहान मूल असलेली बाई ते कशी करणार? त्यामुळे बायका शहरात, आणि ज्या गावात तक्रार घ्यायला बाई हवी होती तिथे पुन्हा पुरुषच, अशी तऱ्हा. ज्या बायका मिळाल्या त्यांतल्या पुष्कळ महिला-बाल विभागात किंवा कारकुनीला लागल्या. त्यांनी तिथे असावं यात गैर काही नाही, पण दंगलनियंत्रण, गुन्हे अन्वेषण, वाहतूक, या वाटा कमी मिळाल्या की बढतीच्या वेळी अनुभवाचा रकाना रिकामा राहतो.

आणि तेल. प्रकल्पांच्या अहवालांतून ही गोष्ट हमखास निसटते म्हणून मुद्दाम लिहितो. नव्या विभागाला खोली मिळाली, टेबल मिळालं, काही ठिकाणी गाडीही मिळाली. गाडीत घालायला तेल नसायचं. लिहायला कागद नसायचा, फोनमध्ये पैसे नसायचे. मग आरोपीला आणायला जायचं तर तक्रारदार बाईकडेच गाडीभाडं मागायचं, हे इतकं रुळलं की लोक तो दरच समजू लागले. टेबलापलीकडे आता बाई बसली होती, पण मागणी तीच होती. प्रशिक्षणाला पैसे मिळतात, इमारतीला मिळतात, उद्‌घाटनाचा फोटो निघतो. दर सोमवारी भरायच्या वीस लिटर तेलाचा फोटो कोण काढणार?

न्यायालयाच्या टोकालाही तेच. २००८ मध्ये लैंगिक गुन्ह्यांसाठी मनरोव्हियात खास न्यायालयाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी ते चालू झालं. पोलीस पुराव्याशिवाय येत, साक्षीदार परगण्यांतून येऊ शकत नसत, खटले साचत आणि आरोपी सुटत. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ यांनी बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचं जाहीर केलं.

मग भरती वाया गेली का? मला तसं वाटत नाही. बायका ठाण्यात दिसायला लागल्या, तक्रारी नोंदवल्या जायला लागल्या, आणि तक्रारींचा आकडा वाढणं हे पहिल्या वर्षांत बहुधा चांगलंच लक्षण असतं. पण भरतीनं जे होणं शक्य होतं त्यापेक्षा जास्त तिच्यावर लादलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

तीन महिन्यांऐवजी वर्ष दिलं असतं तर? खर्च वाढला असता, वीस टक्क्यांची तारीख पुढे गेली असती, एवढंच. सोबत विद्यावेतन आणि पोरांना सांभाळायची सोय. आधी त्यांना दलात घेऊन, पगार सुरू करून, शिक्षण नोकरीत असताना पुरं करून घेणं हाही मार्ग होता. दाखला प्रवेशाला मागायचा की पहिल्या बढतीला, हा प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही. पुरुषांच्या जुन्या दाखल्यांची तरी किती कसून तपासणी झाली होती? युद्धात शाळांचं दप्तर जळालेल्या देशात दाखला नेमकं काय सिद्ध करतो, हेही विचारायला हरकत नव्हती.

आता तो चौथा पर्याय. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात बसल्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या, गणवेशाशिवाय, पण पोलिसांच्याच छपराखाली. नवऱ्याच्या मारहाणीनं आलेली बाई आधी त्यांच्याशी बोलायची, तक्रार करायची का, कुठली, करून पुढे काय, हे समजून घ्यायची, आणि पोलिसांवरही आतून लक्ष राहायचं. हा कक्ष पुढे राज्यभर पसरला. लायबेरियात या कामाला तयार बायका हजारोंनी होत्या. मासळीबाजारातल्या मैदानात बसलेल्या, टोळ्यांच्या म्होरक्यांशी बोलून आलेल्या, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराची खबर असलेल्या. त्यांना बारावीचा दाखला लागत नव्हता, आणि सोळाशे काय, आठशे मीटरही धावायला लागत नव्हतं. ठाण्यात त्यांना खुर्ची आणि थोडं मानधन दिलं असतं तर ‘बायकांची गरज’ आणि ‘महिला शिपायांची संख्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लौकर उघड झालं असतं. महिला शिपाई लागतच होत्या, पण पहिल्या दिवशीच सगळा भार त्यांच्यावर पडला नसता. मुंबईचा नमुना जसाच्या तसा तिथे चालला असता असा दावा नाही. आपल्याकडेही अशा कक्षांचं मानधन थकल्याच्या तक्रारी अधूनमधून ऐकू येतातच.

बदलीचं धोरण भरतीच्या आधी लिहायला हवं होतं. परगण्याच्या ठाण्याला इमारत बांधताना तिच्या मागे दोन खोल्यांची चाळ बांधली असती तर बायका तिथे गेल्या असत्या, आणि पुरुष शिपाईही बायको-पोरांना घेऊन राहिले असते. सुधारणेच्या आराखड्यात ‘बाई’ म्हणजे एकतर बळी किंवा उमेदवार. शिपायाची, सैनिकाची बायको हा तिसरा प्रकार त्यात नव्हता.

तो तिसरा प्रकार फेब्रुवारी २०२४ मध्ये रस्त्यावर आला. लायबेरियाच्या लष्करातल्या जवानांच्या बायकांनी अपुरा पगार, बराकींची दुर्दशा आणि वीज नसणं यावरून रस्ते अडवले. जवान स्वतः संप करू शकत नव्हते, त्यांच्या बायका करू शकत होत्या. लष्कर दिनाचा सोहळा राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांना रद्द करावा लागला आणि नव्यानंच नेमलेल्या संरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी बोआकाईंनी आणलं ब्रिगेडिअर जनरल जेराल्डिन जॉर्ज यांना, त्याच पाच टक्क्यांतल्या एका बाईला.